निवासीवाले सर

पासपोर्ट हातात घेतला की सर आधी अंगठा जिभेला लावायचे. मग त्या ओल्या अंगठ्यानं एकेक पान उलटायचे, शेवटच्या पानापर्यंत. कोऱ्या पानांत वाचण्यासारखं काही नसतं, पण सर तीही सोडायचे नाहीत. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा, त्यामुळे अंगठ्यावर तपकिरी ओल असायची आणि ती पानांच्या कोपऱ्यांवर उतरायची. समोर त्या पासपोर्टची मालकीण बसलेली असायची, अठरा वर्षांची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. ती ते पाहायची आणि हसायची, कारण शेजारी बसलेली तिची आई हसत असायची. ही मंडळी जिना उतरून गेली की मी रुमालाचं टोक पाण्यात बुडवून ते कोपरे पुसायचो. पदवी घेतल्यानंतरचं माझं पहिलं पगारी काम हे असं होतं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तहसील कचेरीच्या बाहेर टेबल टाकून बसलेली, शर्टाच्या खिशात चार पेनं, समोर शाईचं पॅड. सरांचं नाव मी इथं लिहीत नाही. बालाघाटात ते कोणी घेतही नसे. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, तरी सगळे त्यांना सर म्हणत. 'निवासीवाले सर' म्हटलं की रिक्षावाला सरळ त्यांच्या टेबलापाशी आणून सोडायचा. आणि त्यांचं एक वाक्य अर्ध्या गावाला पाठ होतं.

"माणूस कुठीही राह्यते, बाबू. कागद एका जागी राह्यला पाह्यजे."

आमच्या भागात माणसाला दोन गावं असतात. शेत इकडे, मामा गोंदियाला. शाळा इकडे, बहीण दिली ती तिकडे. मध्ये राज्याची सीमा आहे, पण ती फक्त बसच्या तिकिटावर कळते. पोराला कॉलेजात घालायची वेळ आली की मात्र सरकार विचारतं, हा मध्य प्रदेशाचा की महाराष्ट्राचा? पोराला विचाराल तर तो म्हणेल, आजीचा. फॉर्मवर तसा रकाना नसतो. तिथं सर लागायचे. मूल निवासी प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाइल, इकडचं किंवा तिकडचं, जे हवं ते.

पटवारी चौकशीला येणार असला की सर आदल्या दिवशी त्या घरी जाऊन तयारी करून घ्यायचे. "एक खाट टाका. एक दोरी बांधा. दोरीवर टॉवेल टाका, पण ओला पाह्यजे. सुका टॉवेल कोणाचाही राहू शकते." झाला निवास. एकदा एका पटवाऱ्यानं अशाच उसन्या घरात उभ्या केलेल्या पोराला विचारलं, "बाथरूम किधर है तेरा?" पोरानं गडबडून समोरचं दार उघडलं. आतून सात-आठ कोंबड्या बाहेर आल्या. सर अजिबात न डगमगता म्हणाले, "साहब, बच्चा शरमीला है." ही गोष्ट ते स्वतः सांगायचे आणि हसता हसता त्यांना ठसका लागायचा. आम्हीही हसायचो. तेव्हा त्यात हसण्यासारखंच वाटायचं.

माझा कागदही सरांनीच काढून दिला. आम्ही रामपायलीचे. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायचे आणि आम्ही मिलच्याच एका खोलीत राहायचो. त्यामुळे घर आमच्या नावावर नाही, वीज बिल नाही, काहीच नाही. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला निवासी लागत होता. बाबांना सही येत नव्हती आणि साहेबांसमोर त्यांना शब्द फुटत नसे. सर तीन दिवस त्यांच्यासोबत तहसीलच्या पायऱ्यांवर बसले. एका बाबूनं बाबांना हुसकावलं तेव्हा सर त्याच्यावर धावून गेले. आमचा कागद खरा होता, त्यात खाट-टॉवेल काही नव्हतं. चौथ्या दिवशी तो हातात आला. घरी येताना बाबा बसमध्ये एवढंच बोलले, "ह्या माणसाले विसरशील नोको."

मी विसरलो नाही. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिलाच. निकाल लागला त्या आठवड्यात सरांचा निरोप आला, "तुह्यं अक्षर चांगलं हाय. इंग्रजीही येते म्हणतात. ये माह्याकडे." मी दुसऱ्याच दिवशी गेलो.

तोवर सरांचं टेबल तहसीलसमोरून उठलं होतं. मोबाइलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर काचेचं दार, आत सोफा, भिंतीवर जगाचा नकाशा. परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलांची कागदपत्रं तिथं व्हायची. सर टाय लावू लागले होते. तो टाय आधीच गाठ मारलेला होता, मागं इलॅस्टिक होतं. जेवताना ते तो ओढून पाठीवर घ्यायचे.

सरांनी विमानात कधी पाय ठेवला नव्हता. पण जगात त्यांना ठाऊक नाही असं काही नव्हतं.

"थंडी किती पडते जी तिकडं?" एखादी आई भीत भीत विचारायची.

"पचमढीएवढी."

"अन् खायाले?"

"सारं भेटते. वरण-भातही भेटते. तिकडच्या लोकाईले आपलं वरण बहुत आवडते."

पचमढीही त्यांनी पाहिली नव्हती.

ज्याचा जो नमस्कार, तो सर त्याच्यापेक्षा मोठ्यानं करायचे. जयभीमला जयभीम, रामरामला रामराम, सलामला सलाम. समोरच्याला वाटायचं, आपलाच माणूस.

मुलं निघायची तेव्हा सर नागपूरच्या विमानतळापर्यंत सोडायला जायचे. तिथं ते रडायचे. नाटक नव्हतं ते, मी जवळून पाहिलं आहे. एकेकाला छातीशी धरायचे, नाक वाहायचं. एकदा एका मुलाकडे मफलर नव्हता, तर स्वतःच्या गळ्यातला काढून त्याच्या गळ्यात घातला. परत येताना तुमसरला गाडी थांबवून चार आलूबोंडे खायचे. "रडलं का पोट रिकामं होऊन जाते," म्हणायचे.

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली होती आणि ऑफिसात आम्ही दोघंच होतो. सरांनी टाय काढून नकाशाच्या खिळ्याला अडकवला आणि आपणहून सांगितलं. आठवीनंतर त्यांना जबलपूरच्या एका वसतिगृहात जागा मिळाली होती. आईनं पेटी भरून दिली. तिथं गेल्यावर अधीक्षकानं निवासी मागितला. तो नव्हता. दोन दिवस ते व्हरांड्यात पेटीवर बसून होते. कोणाला तरी दया येईल असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी परत आले. "पेटी उघडलीच नाई मी. जशी नेलती तशीच आणली." त्यानंतर ते शाळेत गेले नाहीत.

हे मी मुद्दाम लिहीत आहे. पुढचं वाचून तुम्हाला वाटू नये की माझा या माणसावर मुळातच राग होता. त्या दुपारी मला त्यांच्या पायाला हात लावावासा वाटला होता.

आता परवान्याची गोष्ट. आमची बहुतेक मुलं युरोपातल्या एका लहान देशात जायची. त्या देशाचं नाव लिहीत नाही, कारण त्याची यात काही चूक नाही. व्हिसा म्हणजे फक्त दार. आत गेल्यावर तिथं राहायचा परवाना वेगळा काढावा लागतो. तो कार्डासारखा असतो आणि दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो. कॉलेजचं पत्र लागतं, विमा लागतो आणि पत्ता लागतो. पत्ता म्हणजे जिथं तुम्ही रात्री झोपता आणि सकाळी उठता ती जागा, आणि तिथं घरमालकाची सही. नवख्या मुलांना खोल्या मिळायच्या, पण मालक सही द्यायला तयार नसायचे.

सरांनी यावर आपला जुना इलाज काढला. मुलं ज्या शहरात शिकायची तिथं ओळखीच्या एका माणसाचा फ्लॅट होता, तिसऱ्या मजल्यावर. तो सही द्यायला तयार झाला. झालं, सगळ्यांचा पत्ता तोच. परवाना वाढवण्याचे अर्ज ऑनलाइन असायचे आणि ते आमच्याच ऑफिसातून जायचे. मुलांच्या सह्या पहिल्याच दिवशी स्कॅन करून ठेवलेल्या होत्या. कुठला पत्ता जातो आहे हे मुलांना कोणी सांगत नव्हतं, त्यांनी विचारलंही नाही. पत्ता टाइप मी करायचो. दोन वर्षांत त्या एका फ्लॅटमध्ये एकोणीस जण झाले.

मी एकदा विचारलं, "सर, एका घरात एकोणीस?"

"तुह्या घरी किती होते?"

"सहा."

"खोल्या किती?"

"एक."

"मंग?" सर म्हणाले आणि पुढचा पासपोर्ट उघडला.

मी मनाशी म्हटलं, माझीही कॉलेजची सगळी पत्रं बालाघाटच्या एका किराणा दुकानाच्या पत्त्यावर यायची. आमच्याकडे पत्ता म्हणजे टपाल घेण्याची जागा, माणूस तिथं सापडायलाच हवा असं कुठं आहे? पण ही सबब पुरी खरी नाही. त्या देशाचे नियम मी स्वतः वाचले होते, डिक्शनरी घेऊन, दोनदा. त्यात सरळ लिहिलं होतं की पत्ता खोटा निघाला तर परवाना मिळणार नाही. मला ते कळलं होतं. कळूनही मी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, सरांवर ठेवला. उपकाराखाली दबलेल्या माणसाला ते सोपं जातं.

प्रज्ञा भरवेलीची. वडील मॅंगनीजच्या खाणीत, आई अंगणवाडीत. पोरगी नर्सिंग शिकायला गेली होती. तिच्या घरातही ती पहिलीच, म्हणून तिचा फॉर्म मी जरा जास्त जीव लावून भरला होता. मला ती दादा म्हणायची. तिसरं वर्ष चालू होतं, एक उरलं होतं. एका दुपारी तिचा फोन आला.

"दादा, त्याईनं माह्यी फाईल अडवली."

"कोणी?"

"परवानावाल्या ऑफिसनं. म्हणतात, तू ह्या पत्त्यावर राह्यतच नाई. दोन माणसं पाहाले गेलते तथी. दार कोण्या दुसऱ्याच बाईनं उघडलं, दोन लेकरं घेऊन. ते बाई म्हणे, ह्या नावाची पोरगी मी कधी पाह्यली नाई." मग थोडं थांबून ती म्हणाली, "दादा, मले त्या घराचा जिनाही माहीत नाई. मी त इकडं राह्यतो, दवाखान्याजवळ, आजीकडं."

आजी म्हणजे एक म्हातारी विधवा. तिच्या मागच्या खोलीत प्रज्ञा दोन वर्षं राहत होती. ऑफिसनं पंधरा दिवस दिले होते. तेवढ्यात समाधान झालं नाही तर परवाना वाढणार नव्हता आणि देश सोडावा लागणार होता. तीन वर्षं पाण्यात. त्या ऑफिसातल्या एका बाईनं तिला सांगितलं होतं, की ज्यानं अर्ज भरला त्याच्याकडून लेखी आण, की हा पत्ता तुला न सांगता टाकला. ते मिळालं तर ऐकून घेऊ.

एका कागदाचं काम होतं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे कागद करून दिले, त्याच्याकडूनच तो हवा होता. मला वाटलं, दहा मिनिटांत होईल.

"लेखी?" सर म्हणाले. "नाई. तोंडानं जे म्हणशील ते सांगतो. लेखी नाई."

"सर, पंधराच दिवस आहेत."

"त्या फ्लॅटवाल्याले फोन लाव. म्हणा, एक गादी टाक. पोरीचे दोन कपडे दोरीवर टाक. फोटो काढ. हे पोरगी जाऊन सांगन, मी तथीच राह्यतो, त्या दिवशी ड्युटीवर होती."

"सर, तिथं लहान लेकरांचं कुटुंब राहतं."

"मंग त अजूनच बेस. कुटुंबात राह्यते म्हणा. घरच्यासारखं."

मी फोन स्पीकरवर टाकून प्रज्ञाला लावला. सरांनी तिला सगळं समजावलं, बेटा बेटा म्हणत. ती ऐकत होती. मग म्हणाली, "सर, मी जिथी राह्यतो, तथीच राह्यतो म्हणून सांगन. दुसरं मले पाठ नाई होत."

सरांनी फोन बंद केला. "लय शाणी झाली," म्हणाले. आता त्या पत्त्यावरच्या सगळ्यांचीच चौकशी होणार होती, म्हणून त्यांनी बाकीच्या अठरा जणांनाही तेच पढवायला एकेक फोन लावायला सांगितलं. मी लावून दिले. काही जण घाबरून हो म्हणाले.

दोन दिवसांनी प्रज्ञाचे आईवडील आले. वडील पाळीवरून सरळ आले होते, नखांत खाणीची काळी धूळ. सोफा मळेल म्हणून ते बसले नाहीत. आईनं जयभीम केला. सरांनी तिच्यापेक्षा मोठ्यानं केला आणि तिला बसवलं. चहा मागवला. मग खुर्ची पुढं ओढून आवाज खाली आणला.

"बाई, एक गोष्ट विचारू का? राग नोका मानू. मी तिच्या बापासारखा हाव. पोरगी पत्त्यावर सापडली नाई. मंग राह्यते कुठी? कोणासंगं राह्यते?"

सर तळहातावर खर्रा घोटत होते. "मी काही म्हणत नाई. पण तिकडची हवाच तशी हाय. पोट्टे-पोट्ट्या एका खोलीत राह्यतात. आता सरकारी माणसाईनं पकडलं, त घर सांगाले भेते पोरगी. मी हे प्रकरण वाढवलं त तुमचीच बदनामी. जातभाईत तोंड दाखवता येणार नाई."

वडिलांची मान खाली गेली. ते आपल्या चपलांकडे पाहत होते. मला माहीत होतं की पोरगी कुठं राहते. म्हातारीकडे राहते, हे मला आणि सरांना दोघांनाही माहीत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. हातात चहाचा कप घेऊन उभा होतो.

प्रज्ञाची आई म्हणाली, "सर, पत्ता कोणं भरला?"

"ते नंतर पाहू, बाई. आधी—"

"नंतर नाई. पत्ता माह्या पोरीनं भरला का तुमी?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. अगदी सहज, कोणी वाट विचारल्यावर दाखवावं तसं. "ह्यानं."

आता ती दोघंही माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवली. खरंच होतं ते. भरला होता मीच.

वडील पहिल्यांदाच बोलले. आवाजात राग नव्हता, खाणीत मुकादमाला एखादी गोष्ट विचारावी तसं विचारलं. "तुमी भरला न जी? मंग तुमीच लिहून द्या न."

सर खदाखदा हसले. "हा? ह्याच्या सहीले कोण विचारते?"

ती दोघं गेली. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर सरांनी खर्रा तोंडात टाकला आणि मला म्हणाले, "पाह्यलं का? पोरीची गोष्ट काढली का मायबाप चूप होतात. शिकून घे. कामाले येते." त्यांनी हे अशा आवाजात सांगितलं, ज्या आवाजात एखादा सुतार नवख्याला रंधा कसा धरायचा ते सांगतो. मग म्हणाले, "चहा थंडा झाला. दुसरा सांग."

मी चहा सांगायला खाली उतरलो आणि मोबाइलच्या दुकानामागच्या नालीत ओकलो. परत वर गेलो नाही. मला सरांची किळस आली होती, पण तेवढीच असती तर मी चूळ भरून पुन्हा वर गेलो असतो. किळस माझी आली होती. तीन वर्षं मी रोज ते पासपोर्ट पुसत होतो आणि मला वाटत होतं की मी स्वच्छतेचं काम करतो आहे.

संध्याकाळच्या बसनं रामपायलीला गेलो. बाबांना सगळं सांगितलं. सरांचं नाव निघालं की बाबा अजूनही सावरून बसतात, म्हणून सांगताना मला भीती वाटत होती. शेवटी मी म्हणालो, "बाबा, त्यांचे उपकार आहेत आपल्यावर."

"हौ," बाबा म्हणाले. "माह्यावर हायेत. त्या पोरीवर नाहीत न."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टासमोर एका नोटरीकडे गेलो आणि शपथपत्र केलं. मजकूर मीच इंग्रजीत लिहिला. शाळेत आणि कॉलेजात मी जे काही इंग्रजी लिहिलं ते कुठून ना कुठून उतरवलेलं होतं. हे पहिलंच, जे मी स्वतःहून लिहिलं. वाक्यं लहान ठेवली. अर्ज मी भरला. पत्ता मला ऑफिसात दिला गेला. मुलीला सांगितलं नव्हतं. तिची सही आमच्या कॉम्प्युटरमध्ये होती. नोटरीनं वाचून चष्म्यावरून पाहिलं. "पता किसने दिया, उसका नाम तो लिखो भाई. ऐसे कौन मानेगा?" तिथं माझा हात थांबला. मागं लोक उभे होते, नोटरी पेन वाजवत होता. मग मी सरांचं पूर्ण नाव लिहिलं. ते मी पहिल्यांदाच पूर्ण लिहीत होतो.

प्रज्ञाला पाठवलं. बाकी अठरा जणांनाही त्यांच्या नावांनी वेगवेगळं करून पाठवलं. दुपारपर्यंत कोणीतरी ते सरांना पाठवलं होतं.

"तीन दिवस," सर फोनवर म्हणाले. ओरडत नव्हते, म्हणून जास्त लागलं. "तीन दिवस मी तुह्या बापाले घेऊन तहसीलच्या पायरीवर बसलो होतो. भर उन्हात. विसरला?"

"नाही विसरलो, सर."

"मंग काहून केलं बे असं?"

बाबांचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते बाबांचं होतं. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मग त्यांनीच ठेवला.

प्रज्ञाची तारीख शेवटच्या दिवशी लागली. म्हातारी सही द्यायला आधी भीत होती, खोली भाड्यानं दिल्याचं तिनं सरकारला कळवलं नव्हतं. पण प्रज्ञानं तिला सगळं सांगितल्यावर त्या दिवशी ती स्वतःच कोट घालून, काठी टेकत तिच्यासोबत गेली. अधिकाऱ्यानं विचारलं, ही मुलगी तुमच्याकडे राहते याला पुरावा काय? म्हातारी चिडली. म्हणाली, पुरावा काय विचारता, दोन वर्षं झाली, ही लाल मिरच्यांची काय ती फोडणी घालते आणि मला घरभर खोकत फिरावं लागतं, पडद्यांचा वास अजून जात नाही. प्रज्ञा सांगते की तो अधिकारी हे सगळं टाइप करत होता. माझं शपथपत्र त्यानं फाईलला लावलं, पण खरं काम मिरचीच्या फोडणीनं केलं असं तिचं म्हणणं आहे. परवाना एका वर्षासाठी वाढला.

बाकीच्यांतले बरेच जण खरं बोलून वाचले. चौघांनी सरांचं ऐकून गादी आणि कपडे दाखवले होते. त्यांना परत यावं लागलं. त्यांतला एक मला एकदा बसस्टँडवर दिसला. मी हाक मारली. त्यानं पाहिलं आणि मान फिरवली. सरांनी त्याला जे सांगितलं होतं ते सांगायला फोन मीच जोडून दिला होता. मी पुन्हा हाक मारली नाही.

मी आता एका शाळेत अतिथी शिक्षक आहे. सरांचं ऑफिस त्याच वर्षी बंद झालं. चौघांचे पालक काचेच्या दारावर जाऊन आले, पण आत कोणी नव्हतं. कोणी म्हणतं ते रायपूरला आहेत, कोणी म्हणतं जबलपूरला, आणि धंदा तोच आहे. मी शोधलं नाही. पण जाण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट करून ठेवली. प्रज्ञाचा परवाना वाढल्याला आठवडाही झाला नव्हता.

मी बसमधून उतरून काली पुतली चौकातून चाललो होतो. खांबांना बांधलेला मोठा फ्लेक्स दिसला. डावीकडे सर, टाय लावलेले, दात दाखवत, हातात फुलांचा गुच्छ. उजवीकडे तो गुच्छ घेणारी प्रज्ञा, निघायच्या दिवशीचा ऑफिसातला फोटो. वर हिंदीत लिहिलं होतं, 'हमारी छात्रा की एक और सफलता'. ज्या पोरीची यांनी तिच्या आईबापासमोर अब्रू काढली, तिलाच हे चौकात फुलं देत होते. लोक खालून जात होते. दोन मुली थांबून खालचा फोन नंबर मोबाइलमध्ये घेत होत्या.

फ्लेक्सच्या उजव्या खांबाला शिडी लावलेली होती आणि तिच्यावर प्रज्ञाचे वडील होते. पाळी संपवून आलेले, सायकल खाली उभी. शेजारच्या मंडपवाल्याकडून त्यांनी शिडी मागून आणली होती. हातात ब्लेड होतं. मी शिडी धरली. त्यांनी खाली पाहिलं, ओळखलं आणि कामाला लागले.

ते पोरीच्या कडेकडेनं कापत होते. घाई नव्हती. खांद्याची रेघ, वेणी, वेणीची रिबन, सगळं सांभाळून. जिथं तिचा हात गुच्छाला लागत होता तिथं ते बराच वेळ थांबले आणि मग बोटं तेवढी काढून घेतली, फूल एकही येऊ दिलं नाही.

"काका, पूर्णच उतरवू न आपण," मी म्हणालो. "मी दोऱ्या सोडतो."

"नाई," ते वरून म्हणाले. "त्याले काहून हात लावाचा?"

त्यांनी पोरीची गुंडाळी केली, चेहरा आत ठेवून. सायकलच्या दांडीला बांधली, शिडी परत देऊन आले आणि भरवेलीच्या रस्त्याला लागले. मी तिथंच उभा राहिलो. वर सर तसेच हसत होते, गुच्छ पुढं केलेला. समोर पोरीच्या आकाराचं भोक होतं आणि त्यातून पलीकडच्या विजेच्या तारा दिसत होत्या.